जुनी २६ फुटी केबिन क्रूझर: पैसे आधी कुठे घालायचे?

मांडवीकाठचा

मंडळी, नमस्कार. मी रायबंदरला राहतो. दिवाळीनंतर एक जुनी केबिन क्रूझर घेतली. २६ फूट, फायबरची, नव्वदच्या दशकाच्या शेवटची बांधणी. एकच डिझेल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा भाग पाठीतून बाहेर. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, केबिनमध्ये दोन माणसं नीट झोपतात आणि तिसरं भांडून. छोटा ओटा आहे, संडास आहे. उभं राहिलं की माझं डोकं छताला लागतं, बायकोचं लागत नाही. यावरून ओट्यापाशी कुणी उभं राहायचं याबद्दल मी एक युक्तिवाद केला होता, तो फेटाळला गेला.

वापर साधा आहे. रविवारी चोडण-दिवाडीच्या बाजूला फेरफटका, हवा बरी असेल तर आग्वादच्या बाहेर थोडं, कधीमधी रात्रीचा मुक्काम. मुंबई-गोवा वगैरे मनसुबे नाहीत. आधीच्या मालकांनी बोट हौसेनं वापरली, पण शेवटची काही वर्षं ती नुसती नांगरून पडली होती.

मनातली यादी अशी: नवीन गाद्या, आतलं सनमायका, लिथियम बॅटऱ्या, चार्टप्लॉटर (पडद्यावरचा समुद्री नकाशा), छोटा एसी, म्युझिक सिस्टिम. आणि जमलंच तर स्टर्नड्राइव्ह काढून मागे १५० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. सगळं एका वर्षात होणार नाही हे कळतं. क्रम कसा लावू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोफळी

अभिनंदन! आमच्याकडे बोट नाही, सायकल आहे, आणि तिचंही काम निघतं. खुर्ची ओढून बसलोय.

इंजिनवाला_काका

अभिनंदन. यादी दोनदा वाचली. यातली एकही वस्तू पाण्याच्या रेषेखालची नाही.

जुन्या गाद्यांमुळे बोट बुडत नाही. बुडते ती रबरी बेलोमुळे. स्टर्नड्राइव्ह जिथे बोटीच्या पाठीतून बाहेर येतो तिथे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ज्या घडीच्या रबरी नळीतून जातो, ती नळी म्हणजे बेलो. तेवढं रबर आणि बाहेर मांडवी. आपल्याकडे त्या घड्यांमध्ये बार्नॅकल बसतात, ड्राइव्ह वर-खाली केला की त्यांची धार रबराला चिरते. बोट नुसती उभी होती म्हणालात, म्हणजे हे झालेलंच असणार असं धरून चाला. सुकाणू वळवल्यावर मागून गुरगुर येत असेल तर पाणी आत शिरून शाफ्टला धरणारं गिंबल बेअरिंग गेलं आहे. ड्राइव्हचं ऑइल थोडं काढून बघा, चहासारखं दुधाळ दिसलं तर सीलही गेले.

बेलो बदलताना तिन्ही बदला: शाफ्टचा, एक्झॉस्टचा आणि गिअर केबलचा. ड्राइव्ह एकदा उतरवल्यावर मजुरी तीच पडते. एक बदलून दोन ठेवणारे लोक असतात, ते पुढच्या वर्षी परत फोन करतात.

दुसरं, तळातून आरपार जाणारा प्रत्येक सी-कॉक, म्हणजे तळाच्या भोकावरचा पाण्याचा नळ. चाकूच्या टोकानं हळूच खरवडा. पिवळा झळझळीत दिसला तर ठीक. आतून गुलाबी, तांब्यासारखा दिसला तर त्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाल्लं आहे, उरलाय तो सच्छिद्र सांगाडा. हातानं पिळला तरी तुटेल. बरेच जण हार्डवेअरच्या दुकानातला नळाचा बॉल व्हॉल्व्ह बसवतात, दिसायला सारखाच असतो. पाण्याखाली ब्राँझच लागतो, किंवा मरीन दर्जाचा काच-भरलेला प्लॅस्टिकचा.

आता गणित करा. पाण्याच्या रेषेखाली एक फुटावर एक इंची भोक पडलं तर मिनिटाला साधारण ५० ते ७० लिटर पाणी आत येतं. बाजारातला ११०० गॅलनचा बिल्ज पंप (बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसणारा) कागदावर तासाला चार हजार लिटरच्या वर टाकतो. प्रत्यक्षात पाणी तीन-चार फूट वर चढवायचं असतं, बॅटरी थकलेली असते, नळी वाकलेली असते. निम्म्यावर येतो. म्हणजे एक भोक आणि एक पंप, त्यात भोक जिंकतं. प्रत्येक सी-कॉकला त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवा. सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

मांडवीकाठचा

काका, ड्राइव्हचं ऑइल आजच काढून बघितलं. रंगाबद्दल न बोललेलं बरं.

रेझिनवाला

कुठ्ठाळीत फायबरचं काम करतो. काकांशी सहमत, भर घालतो.

स्टर्नड्राइव्हच्या जुन्या बोटीत खरा आजार पाठीच्या फळीत असतो. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. ड्राइव्हच्या भोवतीचं सील किंवा शिडीच्या, रुळाच्या स्क्रूची भोकं गळली की पाणी त्या प्लायवूडमध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. प्लॅस्टिकच्या हातोडीनं सगळीकडे ठोकत जा. टणटण वाजलं तर घट्ट आहे, ढबढब वाजलं तर आत कुजलंय. नुसत्या आवाजावर निर्णय घेऊ नका, आतल्या बाजूनं खालच्या कोपऱ्यात बारीक भोक पाडा. बाहेर येणारा भुसा कोरडा आणि फिकट की काळा आणि ओला, ते पाहिलं की शंका उरत नाही. भोक लगेच इपॉक्सीनं बुजवा.

फळी कुजली असेल तर आउटबोर्डचा विचार त्याआधी होऊच शकत नाही. दोनशे किलोंच्या वरचं इंजिन तुम्ही त्याच फळीवर टांगणार आहात.

नवीन प्लाय घालताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. दुकानदार ‘मरीनच आहे साहेब’ म्हणतो, त्याला पाणकापडाची पिशवीही मरीनच वाटते. जुन्या फायबरवर जोड देताना इपॉक्सी वापरा, ते जुन्या पॉलिस्टरला पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरतं. उलट इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) नीट बसत नाही, तिथे पेंट करावा लागतो. आणि आपल्या हवेत इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुऊन मगच घासा. न धुता घासलंत तर तो थर आत रगडला जातो, पुढचा कोट सोलून निघतो. गिऱ्हाईक मग रेझिनला शिव्या देतं.

तळाला फोड असतील तर एखादा फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ऑस्मोसिस, फायबरमध्ये पाणी मुरलंय. घाबरू नका, यानं बोट उद्या बुडत नाही. पण फोड उघडून, गोड्या पाण्यानं परत परत धुऊन, पूर्ण वाळवून मगच इपॉक्सीचे थर द्यायचे. ‘पूर्ण वाळवून’ हा शब्द गोव्यात अवघड.

वायंगणी

मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा, घरचा धंदा मासेमारीचा. एक विचारतंय, पावसात होडी पाण्यात ठेवतास कित्याक? आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या वर, झावळ्यांखाली. नारळी पौर्णिमेला नारळ पडला की मग खाली. तुमच्या बोटीला बंदी नाही म्हणून समुद्राला सुट्टी नाही असं थोडंच आहे?

मांडवीकाठचा

वर काढणारच आहे. मी धरून चाललो होतो की मेअखेर वर काढायची, जून ते सप्टेंबर सगळी कामं करायची आणि ऑक्टोबरात खाली.

रेझिनवाला

इथेच सगळ्यांचं गणित चुकतं. जून ते सप्टेंबर हे काम करायचे महिने वाटतात, कारण बोट हाताशी असते. पण हवेत इतकी आर्द्रता असते की तळ वाळत नाही, जेलकोट चिकट राहतो, पेंटवर धुरकट थर येतो. ताडपत्रीखाली तर बघायलाच नको.

बोट वर्षातून दोनदा वर काढा. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, थोड्या दिवसांसाठी, हवा कोरडी असताना. त्यात फक्त बाहेरचं: पाठीची फळी, तळ, सी-कॉक, बेलो, रंग. ऑस्मोसिस निघालं तर मात्र यंदाचा सीझन सोडून द्या आणि पुढच्या नोव्हेंबरात बोट वर घेऊन चांगली वाळू द्या. दुसऱ्यांदा पावसाळ्यात, त्यात आतलं: इंजिन, वायरिंग, गाद्या, सुतारकाम. क्रेनचे पैसे दुप्पट पडतील. तेच काम तीनतीनदा करण्यापेक्षा ते परवडतं.

इंजिनवाला_काका

पूर्ण सहमत. आणि मेअखेर हा मुहूर्त बदला. २०२१ चं तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं ते मेच्या मध्यात. त्या आठवड्यात क्रेनवाल्यांचे फोन लागत नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यात बोट वर हवी.

वाऱ्यावरची

शापोऱ्याला आमची एक छोटी क्रूझर आहे, नवरा इंजिन बघतो, बाकी सगळं मी. पावसाळ्यातल्या झाकणाबद्दल दोन गोष्टी.

कॉकपिटचा उघडा भाग सहा चौरस मीटर धरा. जून-जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही गोव्यात बातमी होत नाही. त्याचे झाले ६०० लिटर. पाणी बाहेर जायची भोकं आंब्याच्या पानांनी बुजली की ते केबिनचा रस्ता धरतं. जमिनीवर ठेवलेली बोटसुद्धा आतून अशी ‘बुडते’ आणि इंजिन पाण्याखाली जातं. नाळ थोडी वर राहील असे ठोकळे लावा आणि पाठीचा ड्रेन प्लग काढून ठेवा. प्लग किल्लीला बांधा, नाहीतर ऑक्टोबरात बोट पाण्यात सोडल्यावर तो आठवतो.

दुसरं, निळी ताडपत्री गच्च आवळून बांधू नका. मधोमध बांबूचा आढा घालून उतार द्या, दोन्ही टोकं हवेला उघडी ठेवा. आत गाद्या असतील तर त्या घरी न्या. मीठ धरलेल्या कापडाला हवेतला ओलावा लागतो आणि ते कधीच वाळत नाही, म्हणून काढण्यापूर्वी सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं. कपाटांची दारं उघडी, फळ्या उचलून ठेवलेल्या. इतकं करूनही थोडी बुरशी येतेच. व्हिनेगरनं पुसते मी.

पोफळी

म्हणजे बोटीला पावसाळ्यात घरापेक्षा जास्त जपायचं. सायकलीवर खूश आहे.

धन_ऋण

वीज हा माझा प्रांत, म्हणून लिथियमवर बोलतो.

आधी जुन्या वायरी बघा. तांब्याची साधी घरगुती वायर असेल तर टोकाचं प्लॅस्टिक थोडं सोलून आतला रंग बघा. काळी पडली असेल तर खारं पाणी केशाकर्षणानं आत चढलेलं आहे, ती सगळी फेकायची. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर महाग असते, पण परत परत टाकावी लागत नाही. जोड क्रिंप करा, त्यावर गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसतं सोल्डर केलेला जोड इंजिनाच्या थरथरीनं कडेला तुटतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. अनेक बोटींत तो पार डॅशबोर्डजवळ असतो, म्हणजे मधली सगळी तार बेवारस. बिल्ज पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह. तुम्ही स्विच बंद करून घरी गेलात तरी तो चालला पाहिजे. शंभर वॉटचा सोलर पॅनल आणि चांगला कंट्रोलर एवढ्यावर तो महिनोन् महिने जगतो.

लिथियम घ्यायचीच तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या आणि इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडू नका. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, साधा अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीनं चालून तापतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या सर्किटनं चालू इंजिनावर अचानक तोडलं, तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. स्टार्टिंगची बॅटरी जुन्या पद्धतीची, वेगळी ठेवा. तुमचा वापर बघता मला लिथियमची गरजच दिसत नाही. एलईडी दिवे, पंखा आणि फोन चार्जिंग, एवढ्याला दोन चांगल्या एजीएम (बंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या पुरतात.

मांडवीकाठचा

आणि एसी?

धन_ऋण

जेटीवर किनाऱ्याची वीज मिळत असेल तर. नांगरावर इन्व्हर्टरनं रात्रभर एसी चालवायचा म्हणजे केबिनमधली एक झोपायची जागा बॅटऱ्यांना द्यावी लागेल. आणि किनाऱ्याची वीज घेताना ३० मिलिअँपचा आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतून येणारा गंजवणारा करंट अडवणारा), दोन्ही. जेटीवर कुणाच्या तरी खांबावरून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर बोट लावू नका. शेजारच्या बोटीचा गंज तुमच्या ड्राइव्हवर येतो, आणि पाण्यात पोहणाऱ्या माणसाला शॉक बसू शकतो तो वेगळाच.

वाऱ्यावरची

एसीऐवजी पुढच्या हॅचला जाळी आणि वाऱ्याकडे तोंड करणारं कापडी नळकांडं. रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो, नांगरावरची बोट आपोआप त्याला तोंड देते आणि केबिन गार होते. दिवसा वर सावलीचं कापड पाहिजे. एप्रिलमध्ये यानंही भागत नाही, पण एप्रिलमध्ये बोटीत झोपायचा हट्ट कुणी करावा?

इंजिनवाला_काका

आता झिंकबद्दल. रायबंदरला बोट ठेवता, म्हणून मुद्दाम.

स्टर्नड्राइव्ह ॲल्युमिनियमचा, पाण्यातला पंखा (प्रॉपेलर) स्टीलचा, आणि दोघं खाऱ्या पाण्यात. कुणीतरी झिजणारच, म्हणून आपण झिजायला मुद्दाम एक स्वस्त धातू लावतो. तोच ॲनोड. समुद्रात जस्ताचा चालतो. पण मांडवीचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये खार पार वरपर्यंत चढतो, आणि पावसाळ्यात वरचा थर जवळजवळ गोडा होतो. गोड्या पाण्यात जस्तावर एक पांढरट थर बसतो, ॲनोड झोपतो, आणि पाणी परत खारं झालं तरी तो जागा होत नाही. दिसायला नवाकोरा, म्हणून माणूस खूश. तोवर ड्राइव्हला खड्डे पडतात. खाडीत ठेवणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचे ॲनोड लावावेत, ते खाऱ्यात आणि मचूळ पाण्यात दोन्हीकडे चालतात. निम्मा झिजला की बदला. अजिबात झिजला नाही तर जास्त काळजी करा. आणि त्यावर रंग लावू नका, रंगारी लावतात.

तळाच्या रंगाचंही तेच. बाजारातले बरेच रंग तांब्याच्या ऑक्साइडचे. फायबरला उत्तम, ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हला विष. ड्राइव्हला तांबं नसलेला वेगळा रंग.

वायंगणी

घासायला पाण्यात उतरत असाल तर एक सांगतो, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. चोडणच्या बाजूनंही बघूनच उतरा.

पोफळी

हे यादीत सगळ्यात वर टाका.

जेट_सेट

एक वेगळं मत. मी हीच कसरत केली आणि शेवटी स्टर्नड्राइव्ह फेकून आउटबोर्ड लावलं. बेलो नाही, पाठीला भोक नाही, उभं करताना इंजिन पूर्ण पाण्याबाहेर. इंजिनाच्या जागेत मोठं कपाट मिळालं. काकांचं सगळं बरोबर आहे, पण दर थोड्या वर्षांनी बेलोवर खर्च करण्यापेक्षा एकदाच मोठा करावा.

इंजिनवाला_काका

तुमचं आधीचं इंजिन पेट्रोल की डिझेल?

जेट_सेट

पेट्रोल.

इंजिनवाला_काका

तर तुमचा निर्णय योग्य. यांचं डिझेल आहे. १५० एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर तासाला पन्नासेक लिटर पितं, तेवढ्याच ताकदीचं डिझेल तीसच्या आसपास. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आउटबोर्ड कंपन्या बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडीची टाकी आठवड्यात संपते, बोटीची महिनाभर तशीच राहते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी तळाशीच असते.

जेट_सेट

म्हणून मी टाकी कधी भरून ठेवत नाही, लागेल तेवढंच घेतो, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर दर महिन्याला बघतो. आजवर त्रास नाही. डिझेललाही बुरशी लागतेच की.

इंजिनवाला_काका

लागते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतं तिथे काळा शेंबूड वाढतो. म्हणून डिझेलची टाकी पावसाळ्यात काठोकाठ भरायची, रिकाम्या जागेत दव धरतं. पहिला फिल्टर १० मायक्रॉन, काचेच्या वाटीचा. दुसरा इंजिनावरचा, बारीक.

वेगाबद्दलही बोलू. तुमची बोट पाण्यावर जवळपास २३ फूट टेकते. त्या लांबीची बोट पाणी कापत जास्तीत जास्त साडेसहा नॉटच्या आसपास जाते, त्यापुढे ती पाण्यावर चढावी लागते आणि तेल धबाधबा जातं. चोडणपर्यंत जायला सहा नॉट पुष्कळ झाले. ही कासवगती डिझेलला मात्र मानवत नाही. टर्बो इंजिन सतत हळू चाललं की एक्झॉस्टच्या एल्बोत काजळी साचते, त्यात समुद्राचं पाणी मिसळून दगड होतो. परत येताना काही मिनिटं मोकळ्या पाण्यात दणकून चालवा. मालीमच्या जेटीसमोर नको, तिथे ट्रॉलर आणि लहान होड्या बांधलेल्या असतात, तुमच्या लाटेनं त्या एकमेकींवर आपटतात.

मांडवीकाठचा

इंजिन नदीत तापतं थोडं. समुद्रात नाही. का?

इंजिनवाला_काका

आधी सी-स्ट्रेनर, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पाण्याची गाळणी, उघडा. पिशव्या, गाळ, जेलीफिश, काय वाटेल ते निघेल. मग इंपेलर, त्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र. त्याची पाती तुटलेली असली तर नवीन इंपेलर घालून मोकळं होऊ नका. तुटलेले तुकडे मोजा आणि शोधा, ते पुढे ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा हीट एक्स्चेंजरमध्ये अडकलेले असतात. इंपेलर दरवर्षी बदला, चांगला दिसला तरी.

हीट एक्स्चेंजरमध्ये खार साचला असेल तर सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात. संडास साफ करायचं ॲसिड घालणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. घड्याळ लावून काढलं नाही तर ॲसिड खार खातं आणि मग कूलरही खातं.

गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं तर एक धोका ध्यानात ठेवा. इंजिन बंद असताना पाण्याचा पाइप जोराने सोडायचा नाही. पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरात जातं. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, लगेच इंजिन.

किनारा_किनारा

छान धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. अवांतर: कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ नुसार नोंदणी, सर्व्हे आणि विमा लागतो. गोव्यात हे कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. इंजिनाचा प्रकार किंवा ताकद बदललीत तर नोंदणीतही बदल करून घ्या, नाहीतर अपघातानंतर विमावाले तेवढाच मुद्दा धरून बसतात.

आणि आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा दांडा. नदीच्या तोंडावरच्या त्या वाळूवर पावसाळ्यात लाट फुटते, म्हणून जहाजवाहतुकीला मांडवीचं तोंड त्या काळात बंद असतं. खनिजाच्या बार्जसुद्धा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. ऑक्टोबरात हवा छान वाटली तरी जुना उसळ, म्हणजे दूरवरून येणारी लांब लाट, उरलेला असतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून उसळ आला की लाट उभी राहते, अशा वेळी बाहेर पडू नये. मुरगावचे भरतीचे तक्ते बघायचे, उधाणाच्या दिवसांत जास्त सांभाळायचं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, जरा सैल. चार्टप्लॉटरचा तिथल्या वाळूवर भरवसा नको, ती जागा बदलते. पाण्याची खोली सांगणारा साधा डेप्थ साउंडर आधी घ्या.

व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या, आणीबाणीच्या चॅनलवर ऐकत राहा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये नाही, डॅशबोर्डवर लिहून ठेवा. फोन पाण्यात जातो.

वाऱ्यावरची

संडासाबद्दल नंतर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. थेट नदीत सोडणारा असेल तर तो आधी बदला. त्याच नदीत ओहोटीला बायका तिसऱ्या काढतात आणि त्याच तुम्ही संध्याकाळी सुक्क्याला विकत घेता. साठवण टाकी बसवा, किंवा घडीचा केमिकल टॉयलेट आणा, घरी जाऊन रिकामा करा. २६ फुटीला तोच पुरतो, आणि तळाची दोन भोकंही कायमची बंद होतात. काका खूश होतील.

गॅसचंही. सिलिंडर केबिनच्या आत नको. गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि पंपाच्या ठिणगीची वाट बघतो. आम्ही कॉकपिटमध्ये छोटा स्पिरिट स्टोव्ह वापरतो. चहा उशिरा होतो.

मांडवीकाठचा

सर्वांचे आभार. मार्चमध्ये क्रेन लावून बोट वर घेतली. अहवाल देतो.

फळी: रेझिनवाल्यांनी सांगितलं तसं भोक पाडलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात ओलं, बाकी कोरडं. ते म्हणतात तेवढाच भाग आतून काढून नवीन प्लाय घालता येईल. आउटबोर्ड रद्द.

सी-कॉक चार, त्यातले दोन गुलाबी. एक हातात आला. अक्षरशः.

बेलो: चिरलेला, आत बार्नॅकल. गिंबल बेअरिंग, ड्राइव्हचे सील, तिन्ही बेलो, सगळं नवीन. म्युझिक सिस्टिमचे पैसे इथे गेले. ॲनोड जस्ताचे होते, पांढरे, जवळजवळ न झिजलेले.

तळाला फोड फार थोडे. ते यंदा नुसते नोंदवून ठेवले, फोटो काढले. रंग देऊन खाली सोडतोय, मेच्या पहिल्या आठवड्याची क्रेन आत्ताच सांगून ठेवली. वायरिंग पावसात.

एक प्रश्न उरलाय. डेकवरचे रेलिंगचे पाय गळतात. केबिनमध्ये उशीवर थेंब. सिलिकॉन भरलं, परत गळतं.

रेझिनवाला

सिलिकॉन पूर्ण काढा, त्याचा अंश राहिला तर त्यावर काहीच चिकटत नाही. पाय काढा, भोकं मोठी करा, आतला ओला भाग वाकड्या खिळ्यानं खरवडून काढा, वाळू द्या. खालून टेप लावून इपॉक्सी भरा. घट्ट झाल्यावर त्यातच योग्य मापाचं नवीन भोक पाडा. म्हणजे पुढे सीलंट गेलं तरी पाणी डेकच्या गाभ्यात जात नाही. बसवताना ब्युटाइल टेप लावा. नट एकदम आवळू नका, टेप कडेनं बाहेर येते ती येऊ द्या, दुसऱ्या दिवशी उन्हात परत थोडं आवळा. असं दोनतीनदा.

मांडवीकाठचा

ब्युटाइल टेप म्हणजे तीच का, गाडीच्या काचेला लावतात ती?

रेझिनवाला

काचवाल्यांकडे मिळते तीही चालते, पण बोटात धरून ताणून बघा. लांब तार आली तर घ्या, लगेच तुटली तर ठेवा. आणि दोन रोल घ्या, सगळे पाय एकदमच करा. एक गळतो म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत.